खारफुटी बघायला चोडण की वेंगुर्ला? कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

कोल्हापुरातून शनिवार-रविवार साधून खारफुटी बघायची तर दोन जागा हाताशी आहेत. पहिली गोव्यातली. मांडवी नदीतल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. दुसरी आपल्या सिंधुदुर्गातली, वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. तिथं स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून खाडीत फिरवून आणतात. दोन्हीकडे मांडवी आहे, तेव्हा फोनवर बोलताना गावाचं नाव आधी सांगा.

मी दोन्हीकडे गेलो आहे, कधी घरच्यांना घेऊन, कधी पक्षी बघणाऱ्या मित्रांबरोबर. ओळखीतले लोक हिवाळा लागला की विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. यात मोजमाप काही नाही, जे दिसलं आणि जाणवलं ते आहे. दुसऱ्या कुणाला दुसरा दिवस, दुसरं पाणी मिळालं तर त्याचं मत वेगळं पडू शकेल. खारफुटी किनारा कशी धरून ठेवते, माशांची पिल्लं तिच्या आडोशाला कशी वाढतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

एक गोष्ट मात्र आधी बोलली पाहिजे, कारण पुढचा सगळा निवाडा तिच्यावर उभा आहे. दाजीपूरला जाताना गवा दिसतो की नाही एवढी एकच उत्सुकता असते. गवा दिसला की फेरी वसूल. खाडीत तसं काही नसतं. खाडीत बघायचं ते सगळं लहान असतं: चिखलावर उड्या मारणारी निवटी, एकच नांगी भलीमोठी असलेला खेकडा, कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या मुळांना चिकटलेली कालवं, तिवर या तशाच दुसऱ्या झाडाच्या पानामागे साठलेलं मीठ. आणि निम्मी खाडी ऐकायची असते. ज्याला हे मान्य आहे त्यानं पुढं वाचावं. ज्याला फोटोत मोठं जनावर हवंय त्यानं दाजीपूर-राधानगरीलाच जावं, ते जवळही पडेल आणि समाधानही होईल.

आधी तिथी, मग गाव

चोडण की वेंगुर्ला हे ठरवण्याआधी तारीख ठरवा, आणि तारीख ठरवण्याआधी तिथी बघा. हे मी सांगतो तेव्हा लोकांना मुहूर्त काढल्यासारखं वाटतं, पण खाडी चंद्रावर चालते आणि आपली तिथीही चंद्रावर चालते. पूर्ण भरती असेल तर मुळं सगळी पाण्याखाली जातात आणि तुम्हाला नुसती हिरवी भिंत दिसते. पूर्ण ओहोटी असेल तर होडी आतल्या पाणवाटांमध्ये शिरत नाही, कारण तिथं चिखलच उरतो. दोन्हीच्या मधली वेळ हवी.

कोकणातल्या मच्छीमारांचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा ही पूर्ण भरतीची वेळ. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली त्यांना हे तोंडचं आहे. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या मागेपुढे. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते आणि आदल्या दिवशी ती बघायलाच हवी. पण दोन महिने आधी रजा टाकताना घरातली दिनदर्शिका पुरेशी आहे.

शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार मवाळ असतो. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर भांगाकडचे दिवस बरे, होडीत चढणं-उतरणं सोपं जातं.

आता हे कोल्हापूरच्या वेळापत्रकाला लावून बघू. पहाटे पाचला निघालं, निपाणीवरून उत्तूर, आजरा, आंबोली उतरून सावंतवाडी गाठली, की वेंगुर्ला जवळच. घाटात धुकं नसलं आणि रस्त्याचं काम आडवं आलं नाही तर साडेनऊच्या सुमारास खाडीवर पोचता येतं. त्या दिवशी द्वादशी असेल तर भरती नऊला होऊन गेलेली. तुम्ही चहा घेऊन दहाला होडीत बसलात की पाणी उतरायला लागलेलं असतं, पाणवाटांमध्ये अजून होडी जाण्याइतकं पाणी असतं आणि मुळं एकेक करून वर यायला लागतात. माझ्या मते खाडीची सगळ्यात चांगली वेळ हीच. एकादशी ते त्रयोदशी यातला शनिवार किंवा रविवार मिळाला तर तो सोडू नका.

चोडणचं गणित वेगळं आहे. तिथं जायचं ते पक्ष्यांसाठी, आणि पक्षी हवे असतील तर उजाडताना तिथं असलं पाहिजे. अष्टमी-नवमीचा दिवस धरला तर भरती सहा-पावणेसातला, आठ-नऊपर्यंत चिखल उघडा पडायला लागतो आणि पाणपक्षी त्यावर उतरतात. सकाळ झकास जाते. पण त्यासाठी आदल्या रात्री पणजीत किंवा आसपास मुक्काम हवाच. कोल्हापुरातून सकाळी निघून चोडणला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि पक्षी सावलीत गेलेले असतात. डिसेंबरातल्या शनिवारी पणजीत खोली शोधणं आणि तिचे पैसे देणं, हा खर्च यात धरावा लागतो.

चोडणची बाजू

चोडणवर अन्याय होऊ नये म्हणून त्याचं चांगलं आधी सांगतो, आणि ते पुष्कळ आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत वेंगुर्ला त्याच्या जवळपासही येत नाही. अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं, 1988 मध्ये, म्हणजे सलीम अली गेले त्याच्या पुढच्याच वर्षी जाहीर झालेलं. पण नदी, चिखलाचे पट्टे, खाजण शेती (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन) आणि दाट खारफुटी हे सगळं एकमेकांना लागून असल्यानं तेवढ्याशा जागेत पक्षी दाटीनं सापडतात. हिवाळ्यात बगळे, तुतवार, काळ्या टोपीचा खंड्या, ब्राह्मणी घार हे नेहमीचे. आणि ज्याच्यासाठी लांबून लोक येतात तो पांढऱ्या गळपट्टीचा निळसर-हिरवा खंड्या, कॉलर्ड किंगफिशर. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तो सहज कुठं दिसत नाही. चोडणला त्याची आशा धरायला जागा आहे. ज्यांची पक्ष्यांची यादी चालू आहे त्यांच्यासाठी एवढं एक कारण पुरेसं ठरावं.

दुसरं, तिथं होडीशिवायही खारफुटीत शिरता येतं. फेरीबोटीच्या धक्क्यापासून अभयारण्याचं फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि आत झाडांच्या सावलीतून बांधीव पायवाट जाते. होडीची भीती वाटणारं माणूस बरोबर असेल तर ही मोठी सोय. पायवाटेवर उभं राहून तिवराची मुळं अगदी पायाशी बघता येतात. चिखलात पेन्सिली उलट्या रोवून ठेवाव्यात तशी ती जमिनीतून वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घेण्यासाठी मुळं वर पाठवतं. पुस्तकात वाचलेलं असतं, पण शेकड्यांनी बघितल्यावर त्या झाडाचा खटाटोप कळतो.

तिसरं म्हणजे मगर. मांडवी आणि झुआरीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा तिथून लांब नाही. त्याच्या मचूळ पाण्यात मगरी राहतात, आणि त्या गोड्या पाण्यातल्या मगरींच्या जातीच्या आहेत. पंचगंगेत, कृष्णेत जी मगर आपण ऐकतो तीच ही. खारट पाण्यात तिचं असं नांदणं ही तिथली खास गोष्ट आहे. त्या कालव्यासाठी वेगळी होडी करावी लागते, चोडणच्या फेरीत ते धरू नका.

जायचा रस्ताही देखणा आहे. पणजीहून रायबंदरला जाताना जो लांबलचक बांध लागतो तो पोर्तुगीजांनी 17व्या शतकात बांधलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना खारफुटी आणि मिठागरांची जमीन आहे. रायबंदरच्या धक्क्यावर गाडी ठेवून पायी फेरीबोटीत चढा. गाडी घेऊन चढायचा हट्ट केला तर सुट्टीच्या दिवशी रांगेत सकाळ जाते. चोर्ला घाट उतरून येणार असाल तर डिचोली, मये करत रस्त्यानंही बेटावर जाता येतं, पण पहाटेच्या वेळेला मला फेरीबोटच आवडते. दहा-पंधरा मिनिटं नदीवर थंड वारा खात उभं राहिलं की घाटाचा शीण जातो.

एवढं सगळं असून मी आता कुणी विचारलं तर पहिल्यांदा चोडण सांगत नाही. कारण एकच आहे.

इंजिन

चोडणच्या खारफुटीच्या आतल्या भागात जायला होडी लागते, आणि मला तिथं प्रत्येक वेळी मिळाली ती इंजिनाची होडी. यात होडीवाल्याला बोल लावण्यासारखं काही नाही. मांडवी तिथं रुंद आहे, ओढ जोराची आहे, खनिज वाहून नेणारे मोठे बार्ज त्याच पाण्यातून जातात. त्यांच्या लाटेत वल्ह्याची होडी सांभाळणं कुणालाही नको वाटेल. इंजिन हवंच. तरीपण ते इंजिन मला दिवसभर पुरलं.

काय होतं ते सांगतो. होडी मुख्य पात्रातून आतल्या फाट्याला लागते. पुढं साठ-सत्तर पावलांवर काठावर राखी बगळा उभा असतो. दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो उठतो. खंड्या पुढच्या वळणावर जाऊन बसतो, आपण तिथं पोचेपर्यंत त्याच्या पुढच्या वळणावर. अख्खी पाणवाट आम्ही त्याच्या मागे आणि तो आमच्या पुढे. माझ्याकडच्या चोडणच्या फोटोंमध्ये पाठमोरे, पंख पसरलेले पक्षीच जास्त आहेत. होडीवाला समजूतदार होता, आत गेल्यावर इंजिन बंद करायचा. मग क्षणभर शांतता होते, पण लगेच प्रवाह होडीला आडवी करायला लागतो, फांद्यांत नेतो, आणि त्याला पुन्हा दोरी ओढावी लागते. शांतता अशी तुकड्यातुकड्यानं मिळते, प्रत्येक तुकडा कान स्थिरावायच्या आत संपतो. वर डिझेलचा वास. खाडीला स्वतःचा एक वास असतो, कुजलेल्या पानांचा, मिठाचा, चिखलाचा. काहींना तो नको वाटतो, मला हवासा वाटतो. तो त्या धुरात हरवतो.

पक्षी उडाले याचं मला तितकं वाईट वाटत नाही, ते पायवाटेवरूनही दिसतात. ऐकायचं राहून जातं, याचं वाटतं. ओहोटी लागली की खारफुटीतून बारीक चटचट ऐकू येते, वाळक्या काटक्या मोडाव्यात तशी. त्यातली काही चटचट कोळंबीच्या जातीतल्या एका चिमुकल्या जिवाची असते. त्याची एक नांगी मोठी असते आणि तो ती इतक्या वेगानं मिटतो की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. आवाज त्या बुडबुड्याचा. शिवाय चिखलातून पाणी निथळताना बिळांमधून हवा सुटते, तिचे बुडबुडे फुटतात. खेकडे पानं ओढत बिळात नेतात, त्याची सरसर येते. एवढ्या बारीक आवाजांवर इंजिन चालू असताना कान लावता येत नाही. मी चोडणहून परत येताना दरवेळी पक्ष्यांची चांगली यादी घेऊन आलो, पण खाडीत बसलो होतो असं काही वाटलं नाही.

ज्यांना हा त्रास होत नाही, असे माझे मित्र आहेत. ते म्हणतात, इंजिन बंद केल्यावर मिळतं तेवढं पुरे. त्यांचं त्यांना बरोबर असेल. मला मात्र हीच एक गोष्ट निर्णायक ठरली.

वेंगुर्ल्याची खाडी

वेंगुर्ल्याची मांडवी खाडी लहान आहे, आणि लहान असल्यामुळेच तिथं वल्ह्यावर भागतं. स्वामिनी गटाच्या बायका मच्छीमार घरांतल्या आहेत. 2017 च्या सुमारास, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्गातला प्रकल्प आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांच्या मदतीनं त्यांनी ही सफर सुरू केली. होडी त्याच वल्हवतात आणि माहितीही त्याच देतात.

त्यातल्या एका फेरीतला प्रसंग सांगतो, म्हणजे वल्ह्यानं काय फरक पडतो ते कळेल. पाणी उतरायला लागलं होतं. वळणावर ताईंनी वल्हं वर घेतलं, होडी आपल्या वेगानं सरकत काठाच्या चिखलाला हलकेच टेकली. माझ्या मुलीनं विचारलं, इथं काय आहे? ताई हळू आवाजात म्हणाल्या, “ह्यां बघा. हलू नकात, आता भायर येतली.” आम्ही गप्प बसलो. हाताच्या अंतरावर चिखलात बोटाएवढं बीळ होतं. थोड्या वेळानं त्यातून आधी दोन डोळे वर आले, डोक्याच्या माथ्यावर बसवलेले, मग निवटी पुढच्या परांवर रेलत बाहेर आली. मासा असून पाण्याबाहेर. ती कातडीतून आणि तोंडातल्या ओलाव्यातून श्वास घेते, म्हणून अंग ओलं राहावं यासाठी मधूनच चिखलात लोळते. ती लोळली. मग शेजारच्या बिळातली दुसरी आली, आणि दोघींनी पाठीवरचे पर ताठ उभे केले. ताईंनी सांगितलं की हे हद्दीचं भांडण आहे. किती वेळ बघत होतो ते आठवत नाही. होडी हलली नाही, कुणी घाई केली नाही. मुलीनं नंतर शाळेत जाऊन सांगितलं ते एवढंच.

ताईंची माहिती मच्छीमाराच्या अंगानं येते, ते मला आवडतं. कांदळाची लांब शेंग झाडावर असतानाच रुजलेली असते आणि खाली पडली की चिखलात उभी घुसते, हे कुठंही वाचायला मिळेल. पण कुठल्या झाडाच्या मुळांत कुठला मासा लपतो, कालवं कुठल्या महिन्यात काढायची, गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं म्हणून त्याची फांदी कुणी का मोडत नाही, हे तिथंच कळतं. गेव्याचा पांढरा चीक खरंच डोळ्यांना घातक आहे, मुलांना होडीतून फांद्या पकडू देऊ नका. पांढरी चिप्पी नक्की दाखवायला सांगा. 2020 मध्ये महाराष्ट्रानं तिला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, असा वृक्ष जाहीर करणारं आपलं राज्य देशातलं पहिलं. पाण्याकाठच्या पहिल्या रांगेत ती उभी असते, आणि तिची मुळं तिवराच्या मुळांपेक्षा जाड, खाली रुंद आणि वर निमुळती असतात.

संरक्षणाचं म्हणाल तर चोडणला अभयारण्याचा दर्जा आहे, वेंगुर्ल्याच्या खाडीला नाही. पण खारफुटी तोडायला महाराष्ट्रात कुठंच मोकळीक नाही, 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानं खारफुटीभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. आणि वेंगुर्ल्यात या कायद्याच्या जोडीला माणसं आहेत. सफर चालली तर घर चालतं, आणि खाडीत कचरा टाकला तर गिऱ्हाईक येत नाही, हे तिथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. मी दिलेले पैसे थेट त्यांच्याकडे जातात, हेही माझ्या मनाच्या तराजूत पडतं.

आता कमी काय आहे ते. फेरी तासाभरात संपते. एवढ्यासाठी आंबोली उतरून चढायची का, असं काहींना वाटेल, आणि तसं वाटणं रास्त आहे. पक्ष्यांच्या जाती चोडणच्या मानानं कमी. खंड्या दिसतो, बगळे दिसतात, नशिबात असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड वरून जातो, पण यादी भरायला कुणी तिथं जाऊ नये. होडीत सावली नाही, टोपी हवी. आधी फोन करून न गेल्यास थांबावं लागतं, कारण त्यांना मासळीची आणि घरची कामंही असतात. पावसाळ्यात होड्या बंद. हे सगळं खरं आहे. मी जाताना वेंगुर्ल्याला दिवस मोकळा ठेवतो: खाडी, मग बंदर, डच वखारीचे अवशेष, जेवायला माशाचं ताट, आणि संध्याकाळी घाट चढायला लागायचं. मुक्काम नको, खोलीचा शोध नको. आपल्याकडच्या माणसाला हे परवडतं.

थोडं लांबचं

मुंबईत मुलं, भाऊ, कुणी असतील आणि तिकडं जाणं होणारच असेल तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र जमवा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 पासून ते रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. फ्लेमिंगो गुलाबी थव्यांनी बघायचे तर तिथंच, आणि तिथल्या होडीची वेळही भरतीच ठरवते.

आठवडा असेल आणि खिसा तयार असेल तर ओडिशा. भितरकनिका हे 1998 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी आणि उंच खारफुटी. मगरींच्या विणीच्या काळात, मे ते जुलै, ते बंद असतं. चिल्का हे मात्र खारफुटीचं ठिकाण समजून जाऊ नका, ते समुद्राला जोडलेलं प्रचंड खारं सरोवर आहे, 1981 पासून रामसर यादीत. गाळानं त्याचं तोंड बुजत चाललं होतं, 2000 मध्ये नवं तोंड खोदलं, समुद्राचं पाणी पुन्हा आत आलं आणि मासळी परतली. सातपाड्याला इरावडी डॉल्फिन दिसतात. पुण्याहून कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरला जाते, पुण्यापर्यंत आपली सोय आपण करायची. दोन्ही जागा मोठ्या आहेत, पण पहिली खारफुटी म्हणून मी कुणाला तिकडं पाठवणार नाही. आधी जवळची खाडी बघून डोळा तयार झाला तर तिथं जास्त दिसतं.

एक गोष्ट जाता जाता: आपल्या पंचगंगेचं पाणीही शेवटी खारफुटीतच जातं. ते कृष्णेतून पूर्वेला, आंध्राच्या किनाऱ्यावर, कृष्णेच्या मुखाशी, जिथं कृष्णा वन्यजीव अभयारण्याची खारफुटी आहे. नदीघाटावर निर्माल्य आणि प्लास्टिक सोडणाऱ्यांना मी हे सांगतो.

मग तुम्ही कुठं जावं

दुर्बीण रोज वापरात असेल, यादी चालू असेल, पणजीत एक रात्र काढायची तयारी असेल आणि अष्टमी-नवमीचा रविवार मिळत असेल तर चोडणला जा. पायवाटेवर उजाडताना दोन तास द्या, होडी त्यानंतर करा, किंवा करूच नका. सलीम अलींच्या नावाची जागा आहे, तिथं पहाटे उभं राहणं यालाही अर्थ आहे.

बाकी जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे मुलं बरोबर असणाऱ्यांना, खारफुटी पहिल्यांदा बघणाऱ्यांना, एका दिवसात घरी परतायचं असणाऱ्यांना, मी वेंगुर्ला सुचवतो. आईला घेऊन जायचं होतं तेव्हा मी दुसरा विचार केला नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. वेंगुर्ल्याला फोन कराल तेव्हा तिथी सांगून भरतीची वेळ त्यांच्याकडून पक्की करून घ्या, भरतीनंतर तासाभरानं होडी हवी असं स्पष्ट सांगा, माणसं किती आणि त्यात मुलं किती हे कळवा, आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत ना ते विचारा. अंगावर भडक रंग नकोत. चिखलातून चालावं लागलं तर चप्पल रुतते, मागे पट्टा असलेले सँडल घाला. आंबोलीत चहाला थांबायचं असेल तर येताना थांबा, जाताना पाणी तुमची वाट बघत नाही.